विसवणाचा डोळा

पहाटे साडेतीनला आगुस्तिन मालीमच्या जेटीवर असतो.
ट्रॉलरचा तांडेल त्याच्या ओळखीचा.
जाळं वर आलं की दोन विसवणं
बर्फाआधी काळ्या पेटीत टाकतो.
पेटीला उजेड लागता कामा नये.
एकदा कुणीतरी बॅटरी मारली,
त्या दिवशीचे डोळे फुकट गेले.
मासे आगुस्तिनने घरी नेले.

ताळगावच्या पठारावर, जांभ्या कातळात
पाय रोवून बसलेली आमची खोली. खिडकी नाही.
एक लाल दिवा,
ज्यात विसवणाला काही दिसत नाही
आणि मलाही फारसं नाही.
मी बोटांनीच बघते. डोळा, पडदा, मग गाळणं, ढवळणं,
आणि शेवटी गुलाबी पाण्याचा एक थेंब.
त्यात अजून न झालेलं पाहणं शिल्लक असतं.

प्रश्न एका ओळीचा आहे:
उजेड लागला, आणि लागल्याचं कळलं,
मध्ये वेळ किती?

निमिष इथे उपयोगाचं नाही.
पळ, विपळ, लव, त्रुटी,
पंचांगातली सगळी धाकटी मंडळी
या दारातून आत मावत नाहीत.
पापणी एकदा मिटते तेवढ्यात
आमचे जितके क्षण बसतात,
तितके सेकंद मोजायला बसलात
तर उठेपर्यंत तीस हजार वर्षं गेलेली असतील.

एवढं धावणारा काटा नाही कुठल्या घड्याळाला.
म्हणून आम्ही घड्याळ ठेवतच नाही,
अंतर मोजतो.
एकच हिरवी चमक, तिच्या दोन वाटा:
पहिली थेंबाला जागं करते,
दुसरी जराशा लांबच्या रस्त्याने येऊन विचारते,
कुठवर आलं?

मी चोडणची. हे मला शिकवावं लागलं नाही.
रायबंदरहून एक जण फेरीत बसतो,
दुसरा डिचोली-मये करत पुलावरून येतो.
उशीर किती, ते रस्ताच सांगतो.
आमचा रस्ता एवढाच की
आरसा मागे सरकवायचा,
केसाच्या जाडीचा काही भाग, आणखी काही भाग.
हे आगुस्तिनचं काम.
वीस वर्षं इंजिनं उघडलेली जाड बोटं
स्क्रूवर अशी ठेवतो
जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर चादर.

एका थेंबाने भागत नाही.
लाख वेळा तेच विचारावं लागतं, तेव्हा कुठे
गोंगाटातून एक रेघ डोकं वर काढते.
कपेलाच्या फेस्ताचे बार सुटले
की टेबल थरथरतं,
आणि सगळी रात्र परत पहिल्यापासून.
देवाशी भांडता येत नाही,
फेस्ताच्या कमिटीशी तर त्याहून नाही.

मागल्या बुधवारी रेघ वळली.
आरसा तीस मायक्रॉन मागे होता.
जाऊन-येऊन साठ,
म्हणजे दोनशे फेम्टोसेकंद.
एवढ्यात रेणूने कूस बदललेली होती.
मी आकडा दोनदा लिहिला. पेन चाललं नाही, तिसऱ्यांदा लिहिला.
आगुस्तिनने काळी पेटी धुता धुता विचारलं,
"आनी मेल्ल्या नुस्त्याक कितें दिसलें गो?"

आमची चमक, दुसरं काय.
तसं मी म्हटलं नाही.

सकाळी घरी परतताना रायबंदरच्या धक्क्यावर
पाव घेतलेली पिशवी हलवत
एक माणूस हात करत होता.
माझ्या डोळ्याने आपला वाटा
केव्हाच उरकला असणार, विसवणाइतक्याच झटपट.
मी मात्र बघत राहिले. कोण हा? टक्कल,
हनुवटीवर पांढरी खुरटी दाढी, निळा शर्ट.
फेरीची फळी काँक्रीटवर खरखरत टेकली,
स्कूटर चढल्या, कंडक्टर ओरडला,
आणि मग कळलं, आगुस्तिन.

चार वर्षांत मी त्याला
उजेडात पाहिलंच नव्हतं.